घरपोच डीएनए किट आणि लघवीची तपासणी: फॅमिली कोर्टात यातलं काय चालतं? (नागपूर)

आत्या_मानेवाडा

नमस्कार. घरचा विषय आहे, म्हणून नावं गाळून लिहून राहिली आहे.

धाकटा भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे, शिफ्टची ड्युटी. लग्न २०१८ चं, मुलगी चार वर्षांची. मागच्या दिवाळीपासून भावजय मुलीला घेऊन महालात माहेरी आहे. फॅमिली कोर्टात तिने घटस्फोट आणि खावटी दोन्ही टाकलं. भावाने मुलीच्या भेटीसाठी अर्ज केला. सध्याच्या आदेशाप्रमाणे दर शनिवारी अकरा ते पाच मुलगी आमच्याकडे असते. इथवर चार घरी चालतं तसंच चालू होतं.

मागच्या तारखेला तिच्याकडून लेखी म्हणणं आलं. नवरा गांजा ओढतो, मित्रांना घरी आणून बसतो, त्याची ड्रग टेस्ट करावी आणि तोवर मुलीला त्याच्याकडे एकटं सोडू नये, असं त्यात आहे. भाऊ ते वाचून पिसाळला. त्यात आमच्या आईचं जुनं पालुपद पुन्हा सुरू झालं: "पोरगी आपल्या घरची वाटतच नाही. आपल्यात कोणाचं नाक असं आहे?" आईच्याच माहेरी अर्ध्या लोकांची नाकं तश्शी आहेत. मी अल्बम काढून दाखवला, तर म्हणते फोटो जुने आहेत, नीट दिसत नाही.

या सगळ्यात भावाने इंटरनेटवरून डीएनए किट मागवलं. शोकेसमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलंय. मी उघडून पाहिलं. कागदी पाकिटं दोन, प्रत्येकात लांब दांडीच्या कापसाच्या काड्या, आणि एक फॉर्म. एका पाकिटावर "मूल" आणि दुसऱ्यावर "कथित वडील". चार वर्षं जो माणूस तिला अंघोळ घालून, वेणी घालून बालवाडीत सोडत होता तो आता कथित झाला. फॉर्मच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की हा अहवाल फक्त वैयक्तिक माहितीसाठी आहे. भावाने त्यांना फोन लावला तर म्हणाले, कोर्टासाठी पाहिजे असेल तर लीगल पॅकेज घ्या, त्याचे पैसे वेगळे.

पुढच्या शनिवारी मुलगी आली की खेळता खेळता गालात काडी फिरवून घ्यायची, असं माय-लेकांचं ठरलं आहे. आईने 'आ कर, दात मोजू' हा खेळही तिला शिकवून ठेवला.

ड्रग टेस्टचं म्हणाल तर भाऊ म्हणतो, चौकातल्या पॅथॉलॉजीत लघवी देतो आणि निगेटिव्ह रिपोर्ट कोर्टात फेकतो. मी खोदून विचारलं तेव्हा निघालं की महाशिवरात्रीला मित्रांसोबत चौरागडला महादेवाच्या दर्शनाला गेला होता आणि तिथे भांग घेतली. गांजा नाही म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते, पण बहिणीच्या विश्वासाला कोर्टात काय किंमत?

तर असं घरी काढलेलं डीएनए कोर्ट धरतं का? जज स्वतः टेस्ट लावू शकतात का? आणि ही लघवीची तपासणी आपणहून करावी की थांबावं? आमचे वकील भेटतात तारखेलाच, तेही व्हरांड्यात, चालता चालता.

बर्डीवाला

ताई, एवढा विचार काहून करून राहिल्या? करून टाका टेस्ट, एकदाचा सोक्षमोक्ष. रिपोर्ट हातात असला की समोरची पार्टी आपोआप लाइनीवर येते. माझ्या मित्राच्या केसमध्ये असंच झालं.

वकीलबाई_सिव्हिल_लाइन्स

बर्डीवाले भाऊ, तुमच्या मित्राच्या केसमध्ये पुढे काय झालं तेही विचारून घ्या.

ताई, आधी ते किट शोकेसमधून काढा. लग्न टिकून असताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते ११६ झालं. लग्न संपल्यावरही बाईने दुसरं लग्न केलं नसेल तर २८० दिवसांपर्यंत हाच नियम. तो मोडायचा तर गर्भ राहिला त्या काळात आम्ही एकत्र येऊच शकत नव्हतो, हे नवऱ्याने दाखवायचं. तुमचा भाऊ तेव्हा बुटीबोरीहून शिफ्ट संपवून त्याच घरी येत होता. जन्मदाखल्यावर बाप म्हणून त्याचंच नाव असेल. उलटतपासणीत काय सांगणार, आईला नाक पटलं नाही?

नुसत्या संशयावर रक्ततपासणी लावायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच एका खावटीच्या प्रकरणात सांगितलं. जजला अधिकार नाही असं मात्र नाही. २००३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की वैवाहिक खटल्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, आणि आदेश होऊनही कोणी नकार दिला तर त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येतं. पण त्यासाठी आधी भक्कम कारण समोर लागतं.

तुमच्या घरात जे शिजतंय तसंच एक प्रकरण पुण्याहून वर गेलं होतं. नवऱ्याने परस्पर खासगी लॅबमधून मुलाची टेस्ट करून घेतली, त्यात बाप असण्याची शक्यता शून्य आली. त्या जोरावर त्याने कोर्टाकडे अधिकृत टेस्ट मागितली. फॅमिली कोर्टाने दिली, हायकोर्टाने कायम केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बायकोवर व्यभिचाराचा आरोप असेल तर तो दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करा, आई-बापाच्या भांडणात मुलाला प्यादं करू नका, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हातात शून्याचा रिपोर्ट असलेल्या माणसालाही टेस्ट मिळाली नाही. तुमच्या हातात तर अजून कापसाची काडी आहे.

याच्या उलट जानेवारी २०१४ चा निकाल नेहमी दाखवला जातो, आणि तो आपल्या भागातला आहे. खावटीच्या त्या प्रकरणात पहिली तपासणी नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली. बायकोने ती मान्य केली नाही म्हणून दुसरी हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत. दोन्हीकडे नवरा बाप नाही असं निघालं आणि न्यायालय म्हणालं, खरं काय ते विज्ञानाने समोर ठेवलं असताना गृहीतकाला चिकटून राहता येणार नाही. हा निकाल घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि त्या दोन्ही तपासण्या न्यायालयाच्या आदेशाने, सरकारी लॅबमध्ये झाल्या होत्या, तेवढं नेमकं विसरतात.

कागद आत घेण्याबद्दल बोलायचं तर फॅमिली कोर्टाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने बरीच सूट आहे. उपयोगी वाटेल तो अहवाल ते पाहू शकतात. पण पाहणं वेगळं आणि त्यावर विसंबणं वेगळं. समोरचा वकील उठून विचारेल, हा नमुना कोणाचा, कोणी घेतला, कोणासमोर? खासगी लॅबच्या तज्ज्ञाला साक्षीला आणावं लागेल. तो येईल आणि सांगेल की पाकिटावर जे लिहून आलं तेच आम्ही मानलं. झालं.

तोटा वेगळाच आहे. बायकोच्या चारित्र्यावर लेखी शिंतोडे उडवले आणि ते सिद्ध झाले नाहीत तर तीच मानसिक क्रूरता ठरते, यावरही २००३ चा निकाल आहे. आणि भेटीच्या वेळेत तुम्ही मुलीच्या तोंडात काडी घातली हे पोर घरी जाऊन आजोळी सांगणारच. चार वर्षांची मुलं सगळं सांगतात. मग शनिवारही जाईल.

सॅम्पल_रूम_काका

मी वकील नाही. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी झाली, शेवटची बरीच वर्षं नमुने घेण्याच्या खोलीत. कोर्टाच्या केसेस तिथेच यायच्या. आता पेन्शनीत आहे, सकाळी तर्री-पोहे आणि मग हे वाचणं.

पोरीची टेस्ट कोर्टाने लावली असती तर काय झालं असतं ते सांगतो, म्हणजे त्या शोकेसमधल्या डब्यात काय नाही ते कळेल.

कोर्टाचं पत्र आधी येतं. त्यात कोणाचे नमुने, कोणत्या कामासाठी, कोणत्या लॅबला, हे सगळं. ठरल्या दिवशी तिघंही एकाच वेळी बोलावतात, आई, बाप, लेकरू. एक बाजू आली नाही तर आम्ही हात लावत नव्हतो. मूळ ओळखपत्र पाहायचं. फॉर्मवर फोटो लावून त्यावर अर्धी सही फोटोवर, अर्धी कागदावर. अंगठा. लहान मुलाचा फोटो तिथेच काढून आईबापाकडून ओळख पटवून घ्यायची. मग विचारायचं, अलीकडे रक्त चढवलं का? बोनमॅरोचं काही झालं का? लोकांना हा प्रश्न फालतू वाटतो. पण ज्याला दुसऱ्याचा मॅरो बसवलाय त्याच्या रक्तात त्या दुसऱ्याचाच डीएनए निघतो, तिथे गालाचं किंवा केसाचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत, दोन-तीन मिली. नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, गुठळी होऊ नये म्हणून. लेबल त्याच क्षणी, त्या माणसासमोर. आधीच लेबल लावून ठेवलेल्या नळ्या म्हणजे घोटाळ्याला निमंत्रण, हे मी नवीन पोरांना ओरडून सांगायचो. गालातला नमुना असेल तर मुलाने दूध प्यायलं असेल तर आधी चूळ. दोन्ही गालांत आतून जरा दाबून काडी फिरवायची, मग हवेवर सुकवायची आणि कागदी पाकिटातच घालायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की आत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया. पाकिटावर लाखेचं सील, त्या सीलचा नमुना वेगळ्या कागदावर, त्यावर डॉक्टरची, साक्षीदारांची सही. थंड पेटी. ज्याच्या हाती दिली त्याचं नाव, वेळ, सही. लॅबवाला ती घेताना आधी सील पाहतो, सीलच्या नमुन्याशी ताडतो आणि अहवालाच्या पहिल्याच ओळींत ते अखंड होतं की नाही हे लिहितो. सील फुटलेलं असेल तर पुढचं विज्ञान कितीही भारी असू द्या, वकील तिथेच धरतो.

आतलं काम त्यामानाने सरळ. डीएनएवर काही ठरलेल्या जागा असतात. तिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, कोणात अकरा वेळा, कोणात चौदा. प्रत्येक जागेवर लेकराकडे दोन आकडे, एक आईचा, एक बापाचा. आता बहुतेक लॅब वीसच्या आसपास किंवा जास्त जागा पाहतात. आईचा आकडा बाजूला काढला की उरतो तो बापाकडे दिसायला पाहिजे. म्हणून आईचा नमुना लागतो. आई नसली तरी जमतं, पण पक्केपणा कमी होतो. एखाद्या जागेवर नाही जुळलं तर लगेच बाप नाही असं म्हणत नाहीत, पिढी बदलताना एखादा आकडा सरकतो कधी कधी. बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही तर मात्र नाहीच. जुळलं तर ९९.९९ च्या पुढची टक्केवारी येते. शंभर कोणी लिहीत नाही.

ताई, तुमच्या भावाने ती काडी स्वतःच्या ऐवजी शेजाऱ्याच्या गालात फिरवली तरी लॅबला काय कळणार? लॅबला फक्त पाकीट माहीत. सगळा खेळ काडीपासून पाकिटापर्यंतच्या हातांचा आहे आणि घरी ते हात तुमच्या आईचे आहेत.

आता लघवी. चौकातल्या पॅथॉलॉजीत जे करतात ती पट्टी असते, पाच मिनिटांचं काम. ती स्क्रीनिंग झाली. पट्टी काही वेळा सर्दी-खोकल्याच्या औषधांनीही फसते. पॉझिटिव्ह आली तर त्याच नमुन्याची मोठ्या यंत्रावर खातरजमा व्हायला पाहिजे, जीसी-एमएस म्हणतात किंवा एलसी-एमएस. गांजासाठी पट्टीची रेघ, म्हणजे ज्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, बहुधा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीची असते. अमेरिकेच्या सरकारी नियमांत यंत्रावरची रेघ १५ ची आहे, पुष्कळ लॅब तोच आकडा धरतात. खातरजमेशिवायचा पॉझिटिव्ह भावाने स्वतःविरुद्ध कोर्टात नेऊ नये. आणि पट्टीचा निगेटिव्ह समोरचा वकील एका वाक्यात उडवेल: बाटलीत लघवी कोणाची होती?

आमच्याकडे नोकरीच्या मेडिकलला एक पोरगा आला होता. बाथरूममधून इतक्या लवकर आला की मलाच शंका आली. बाटली हाताला थंडगार. ताजी लघवी थंड कशी असेल बाप्पा? मित्राची घरून भरून आणली होती, डिक्कीतून. म्हणूनच नीट ठिकाणी बाटलीवर तापमानाची पट्टी असते आणि चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ डिग्री दिसायला लागतं. संडासच्या पाण्यात निळा रंग टाकतात, नळ बंद करतात. क्रिएटिनिन पाहतात, म्हणजे तीन लिटर पाणी पिऊन आला का ते कळतं.

भांगेचं. भांग, गांजा, चरस एकाच झाडाचं. लघवीत जे सापडतं ते तिन्हीचं सारखंच. महादेवाचा प्रसाद की चिलीम, हे यंत्राला कळत नाही. एखाद्याच वेळी घेतली असेल तर काही दिवसांत निघून जाते. रोजचा असेल तर महिनाभरही दिसू शकते. केसांची तपासणी मागचे साधारण तीन महिने दाखवते, त्यासाठी डोक्याच्या मागच्या भागातले केस कातडीलगत कापून घेतात, चारेक सेंटिमीटर. एखाद्या वेळची भांग केसात बहुधा दिसतही नाही, पण रोजचं ओढणं लपत नाही. आणि कालपरवा घेतलेलं केसात येत नाही, केस वाढायला वेळ लागतो.

जाता जाता, तपासणीच्या आधी सावजी हाणू नका. विनोद नाही. त्या वाटणात खसखस असते, खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. जास्त झाली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. याच भानगडीमुळे अमेरिकेने १९९८ मध्ये अफूवर्गाची रेघ ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. आपल्याकडच्या स्वस्त पट्ट्यांवर अजून ३०० लिहिलेलं सापडतं.

त्या_बाजूची

मी तुमच्या भावजयीच्या बाजूची समजा. माझ्या नवऱ्याने मुलाच्या डीएनएसाठी अर्ज दिला होता. मी वकिलाला म्हटलं, करू दे, मला काय भीती? वकिलाने तसं लिहून दिलं. तरी साहेबांनी अर्ज फेटाळला. प्रश्न आईच्या तयारीचा नाही, मुलाचा आहे, असं म्हणाले.

पण अर्जाची प्रत रजिस्टर पोस्टाने घरी आली होती. माझ्या वडिलांनी फोडली. त्यानंतर समुपदेशकांसमोर आमचं जुळायला आलेलं सगळं तिथेच थांबलं. खर्च, सासू, नोकरी, सगळ्यावर मी बोलायला तयार होते. त्या एका अर्जानंतर त्या माणसाच्या समोरच्या खुर्चीत बसणंही नको वाटलं.

गांजाबद्दल मात्र तुमची भावजय टेस्ट मागतेय तर तिच्या जागी मीही मागितली असती. मित्र येऊन बसतात हे तिने उगाच लिहिलं नसेल. तेवढं भावाला विचारा, भांगेच्या पलीकडचं.

लेक_न्यूजर्सीत

काका म्हणतात ते हातांचं अगदी खरं. आमचं प्रकरण भांडणाचं नव्हतं. लेक अमेरिकेची नागरिक झाली, तिने आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला. ती जन्मली १९८४ मध्ये भिवापूरला माझ्या माहेरी, सुईणीच्या हातावर. नोंद केली तेव्हा ती कॉलेजात होती. इतका उशिराचा दाखला पाहून मुंबईच्या वकिलातीने सुचवलं की हवं तर डीएनए करा. सक्ती नाही म्हणाले, पण दुसरा कागद होता कुठे?

लॅब लेकीने निवडली, पण एएबीबी या तिकडच्या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्यांतूनच निवडावी लागते. तिने तिचा नमुना तिकडे दिला. आमच्यासाठीचं किट लॅबने थेट इकडे, ठरवून दिलेल्या ठिकाणी पाठवलं. आम्ही दुरांतोने मुंबईला गेलो, पासपोर्ट दाखवले, फोटो काढले, त्यांच्याच माणसाने गालातून काडी फिरवली. मला वाटलं होतं रक्त काढतील, उपाशीपोटी गेले होते. ते पाकीट आमच्या हाताला लागलंच नाही, आणि निकालही लॅबने सरळ वकिलातीकडे पाठवला. घरी मागवलेल्या टेस्टचा कागद ते बघतही नाहीत, हे आधीच सांगितलं होतं.

आमच्या ह्यांनी मात्र परतताना गाडीत विचारलं, "काय गं, जुळेल ना?" चाळीस वर्षांच्या संसारात एवढी मी कधी चिडले नव्हते.

आत्या_मानेवाडा

सगळ्यांचे आभार. काल रात्री वकीलबाईंचं आणि काकांचं दोन्ही आईला वाचून दाखवलं. कलमं तिने ऐकल्यासारखी केली. पुण्याच्या केसमध्ये रिपोर्ट आला तरी कोर्टाने टेस्ट दिली नाही इथे आली तशी ती उठून बसली. "म्हणजे पैसे पाण्यात?" मी म्हटलं, हो, आणि लीगल पॅकेजचेही. तिथे गाडी वळली. पोरीच्या मनाचं मी महिनाभर सांगून थकली, ते नाही पटलं. किट सध्या माझ्या शाळेच्या बॅगेत आहे, वह्यांखाली.

त्या बाजूच्या ताई, तुमचं भावाला मुद्दाम मोबाईलवर पाठवलं. त्याने वाचलं, उत्तर नाही दिलं. मग रात्री शिफ्टवर जायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला की मित्र येत होते, त्यातले दोघं ओढायचे, गच्चीवर. तो स्वतः नाही. पण मुलगी तेव्हा खाली झोपलेली असायची. मी काही बोलली नाही. भावजय एवढे दिवस काय सांगून राहिली होती ते पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

आता विचारायचं एवढंच. तपासणीला तो तयार आहे. भांगेचं आधीच सांगून टाकायचं का? त्यावरून पोलिसांत तर नाही ना जाणार? आणि पॉझिटिव्ह आलं तर मुलगी कायमची तुटेल का?

वकीलबाई_सिव्हिल_लाइन्स

आपणहून पॅथॉलॉजीत जाऊ नका. तुमच्या वकिलाकडून एक पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, द्या: न्यायालय सांगेल त्या सरकारी ठिकाणी, सांगेल त्या दिवशी मी तपासणीला तयार आहे, स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आल्यास त्याच नमुन्याची खातरजमा व्हावी. अटी यापेक्षा जास्त घालू नका. "तिचीही करा" हे तर मुळीच लिहू नका, तिच्यावर तसा आरोप नसताना ते सूडाचं दिसतं.

भांगेचं: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे तिच्यात फुलोऱ्याचे शेंडे येतात, शेंडे सोबत नसलेली निव्वळ पानं येत नाहीत. तरी लेखी काय कबूल करायचं, कोणत्या शब्दांत, ते तुमच्या वकिलाला बसवून ठरवा. व्हरांड्यात नको, त्यांच्या ऑफिसला वेळ मागा, फी घेतात ना. लपवलेलं यंत्रातून बाहेर आलं तर मात्र त्याचं बाकीचं खरंही कोणी खरं मानणार नाही.

मुलीचं: पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच आहे. त्यामुळे ताबा सध्या तिच्याकडेच राहील, तपासणी काहीही येवो. प्रश्न शनिवारचा आहे. तिथे कोर्ट मुलीचं हित पाहतं. एका पॉझिटिव्हने बाप तुटत नाही. फार तर काही महिने भेट कोर्टाच्या आवारात किंवा कोणाच्या देखरेखीखाली होईल. गच्चीवरच्या मंडळींचं येणं बंद झालंय आणि शनिवारी आत्या घरी असते, एवढं शपथपत्रावर आलं तरी फरक पडतो. तुम्ही स्वतः शपथपत्र द्यायला तयार आहात का, ते बघा.

आणि समजा तो तुमच्यापासून काही लपवत असेल, रोजचं असेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही उपचार होतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट आहे. उपचार चालू असल्याचा कागद कोर्टात वाईट दिसत नाही.

बर्डीवाला

मित्राला विचारलं. त्याची केस अजून चालूच आहे म्हणे, आणि पोराची भेट बंद आहे. त्याने हे मला सांगितलं नव्हतं.

सॅम्पल_रूम_काका

ताई, तारीख मिळाली की भावाला एवढं सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवायची, खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेही, आणि फॉर्मवर ते आधीच लिहायचं, रिपोर्ट आल्यावर नाही. पाणी नेहमीएवढंच प्यायचं. आधार कार्ड मूळ न्यायचं, मोबाईलमधला फोटो चालत नाही म्हणून परत पाठवलेले पुष्कळ पाहिले. बाटली आपल्यासमोर सील होईस्तोवर तिथून हलायचं नाही. आणि फॉर्मवरची सही तिथेच, त्यांच्यासमोर करायची, घरून करून न्यायची नाही.

आत्या_मानेवाडा

लिहून घेतलं, काका. आणि वकीलबाई, शपथपत्र देते मी.